वाचकांचे प्रश्न : जंतांची गोळी कुणाला, किती आणि कधी

शाळा-अंगणवाड्यांमधून जंताची गोळी दिली जाते तेव्हा दरवर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये या सदराकडे पत्रांची रीघ लागते. या वेळी सगळी उत्तरं एकाच औषधाभोवती आहेत : अल्बेंडाझोल. गोळी स्वस्त आहे, घरोघरी माहीत आहे आणि नीट घेतली तर खूप सुरक्षितही आहे. पण ती चिठ्ठीवर मिळणारी गोळी आहे, आणि तिची मात्रा जंत कोणता व तो शरीरात कुठे आहे यावर ठरते. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची आहे. रात्री झोपेत शौचाच्या जागी खाजवते, रडत उठते. चार महिन्यांत तीन वेळा जंताची गोळी दिली. आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. गोळी लागू पडत नाही का? (एक आई, नाशिक)

उत्तर : गोळी लागू पडते आहे, पण तिचं काम अर्ध्यावर सुटतं आहे. तुम्ही लिहिलेली लक्षणं सूतकृमीची आहेत. हा जंत जेमतेम एक सेंटिमीटरचा, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखा दिसतो. त्याची मादी रात्री मूल झोपल्यावर गुदद्वाराबाहेर येते आणि तिथल्या कातडीवर अंडी घालते. खाज त्यामुळेच सुटते. मूल खाजवतं, अंडी नखांत जातात, नखांतून तोंडात आणि पुन्हा पोटात. ही अंडी चार ते सहा तासांत संसर्ग करण्याजोगी होतात, आणि चादर, पायजमा, खेळणी, फरशी यांवर दोन-तीन आठवडे जगू शकतात.

अल्बेंडाझोल पोटातल्या मोठ्या जंतांना मारतं, अंड्यांना नाही. म्हणून पहिल्या गोळीनंतर बरोबर दोन आठवड्यांनी दुसरी गोळी द्यावी लागते. मधल्या काळात अंड्यांतून निघालेले जंत तोवर वाढलेले असतात, पण त्यांनी नवी अंडी घालायला अजून अवकाश असतो. तुमच्या तीन गोळ्या चार महिन्यांत विखुरल्या गेल्या, त्यामुळे प्रत्येक वेळी नवी पिढी तयार झाली. दुसरं कारण बहुधा असं, की गोळी फक्त मुलीलाच दिली गेली. सूतकृमी घरातल्या एकालाच क्वचित असतात. मोठ्या माणसांना खाज नसतानाही ते असू शकतात.

तेव्हा डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्या : दोन वर्षांवरच्या सर्वांना ४०० मिलिग्रॅम, एक ते दोन वर्षांच्या बाळाला २०० मिलिग्रॅम. गरोदर बाई, एक वर्षाच्या आतलं मूल, आकडीचा किंवा यकृताचा आजार असलेलं कुणी घरात असेल तर त्यांच्यापुरतं वेगळं विचारा. चौदा दिवसांनी सगळ्यांनी पुन्हा तेवढीच मात्रा घ्या. ती तारीख कॅलेंडरवर लिहूनच ठेवा. खाज थांबली की दुसरी गोळी विसरली जाते, हे नेहमीचं आहे.

गोळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला उठल्याबरोबर आंघोळ घाला, रात्रभर घातलेली अंडी त्याने धुऊन जातात. चादरी आणि आतले कपडे न झटकता गुंडाळून उचला, कारण झटकल्यावर अंडी उडून खोलीभर पसरतात. गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. फरशी झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. नखं अगदी बारीक कापा, रात्री घट्ट चड्डी घाला, आणि शौचानंतर व खाण्याआधी साबणाने हात धुवायला लावा. पुढचे दोन आठवडे आंघोळ, चड्डी बदलणं आणि हात धुणं यांत एक दिवसही खंड नको.

निदान पक्कं करायचं असेल तर शौचाच्या साध्या तपासणीत सूतकृमी बऱ्याचदा सापडत नाहीत. सकाळी उठल्यावर, शौच आणि आंघोळीच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टीची चिकट बाजू गुदद्वाराच्या कडेच्या कातडीवर दाबा, तीच पट्टी काचेच्या स्लाइडवर चिकटवा आणि प्रयोगशाळेत द्या. लागोपाठ तीन सकाळी केलं तर अंडी सापडण्याची शक्यता बरीच वाढते. स्लाइड हाताळल्यावर आपले हातही साबणाने धुवा. मुलींमध्ये हे जंत योनिमार्गाकडे जाऊन लघवीच्या जागी जळजळ करतात. तशी तक्रार असेल तर तीही डॉक्टरांना सांगा, नाहीतर नुसताच लघवीच्या संसर्गाचा उपचार होत राहतो.

प्रश्न : चौदा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी द्यायला सांगितली आहे. बाळं गोळी थुंकतात, ठसका लागण्याची भीती वाटते. कशी द्यावी? (अंगणवाडी सेविका, पालघर)

उत्तर : तुमची भीती योग्य आहे. जंताच्या गोळीने लहान मुलांना औषधापेक्षा घशात अडकण्याचा धोका जास्त. अख्खी किंवा अर्धी गोळी तुकड्याच्या रूपात बाळाच्या तोंडात कधीच टाकू नका.

४०० मिलिग्रॅमच्या गोळीचे मधल्या रेषेवर दोन भाग करा. अर्धा भाग म्हणजे २०० मिलिग्रॅम, एक ते दोन वर्षांच्या मुलांची पूर्ण मात्रा. तो स्वच्छ घडी घातलेल्या कागदात ठेवून किंवा दोन चमच्यांच्या मध्ये दाबून अगदी बारीक पूड करा, कणी राहता कामा नये. चमचाभर पिण्याच्या पाण्यात कालवा. बाळाला मांडीवर ताठ बसवा, आडवं करू नका. थोडं थोडं गालाच्या आतल्या बाजूला सोडा आणि वर पाणी पाजा. बाळ रडत असेल तर थांबा, शांत झाल्यावरच द्या. नाक दाबून, हात धरून औषध पाजायची जुनी सवय इथे जिवावर बेतू शकते. दोन ते तीन वर्षांच्या मुलांनाही अख्खी गोळी अशीच पूड करून द्यावी. त्यापेक्षा मोठ्यांनी तुमच्यासमोर चावून खावी. चावून न खाता हातात घेऊन घरी नेलेली गोळी बहुधा दप्तरातच राहते.

ताप, उलट्या-जुलाब असलेलं किंवा दुसरं औषध चालू असलेलं मूल त्या दिवशी वगळा. त्याच्यासाठी आठवड्याने मॉप-अपचा, म्हणजे राहिलेल्या मुलांना गोळी देण्याचा, दिवस असतोच. एक वर्षाखालच्या बाळाला ही गोळी देत नाहीत. पातळ औषध मिळालं तर बाटलीवरचं वाचा : नेहमीच्या १० मिलिलिटरच्या बाटलीत एकूण ४०० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे या वयाला ५ मिलिलिटर. देण्याआधी बाटली जोरात हलवा. औषध तळाशी बसलेलं असतं, आणि न हलवता दिलं तर पहिल्या मुलाला पाणी आणि शेवटच्याला सगळं औषध जातं.

गोळीनंतर काही मुलांचं पोट दुखतं, मळमळतं, चक्कर येते. पोटात जंत जास्त असलेल्यांना हा त्रास अधिक होतो आणि तो सहसा काही तासांत थांबतो. सावलीत आडवं करा, पाणी पाजा, लक्ष ठेवा. अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास लागला तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

प्रश्न : गोळी रिकाम्या पोटी घ्यायची की जेवून? आमच्याकडे आधी गूळ खायला देतात आणि दुसऱ्या दिवशी एरंडेल. (एक आजी, सातारा)

उत्तर : आतड्यातल्या जंतांसाठी एक गोळी असेल तर थोडं खाऊन घ्या, एवढंच. हे औषध आतड्यातून रक्तात फार कमी शोषलं जातं आणि इथे ते आतड्यातच राहायला हवं असतं. उपाशीपोटी घेतल्याने त्याचा जोर वाढत नाही, मळमळ मात्र वाढते. गुळाने जंत तोंडाशी येतात असं नाही. गूळ खाल्ला तर बिघडतही नाही.

एरंडेल मात्र नको. हे औषध जंताला साखर शोषू देत नाही, त्याची उपासमार होऊन तो मरतो. त्याला एक-दोन दिवस, कधी अधिक, लागतात. लगेच जुलाब दिला तर औषध काम करण्याआधीच बाहेर जातं आणि लहान मुलाच्या अंगातलं पाणी कमी होतं ते वेगळंच.

प्रश्न : पाळी चुकली आहे हे लक्षात यायच्या आधी मी जंताची गोळी घेतली. आता सहावा आठवडा चालू आहे. सासूबाई म्हणतात, गर्भ ठेवू नये. (एक वाचक, जळगाव)

उत्तर : ताई, या एका गोळीसाठी गर्भपाताचा विचार करू नका. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या औषधाने पिलांमध्ये व्यंग दिसलं होतं, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत ते मुद्दाम देत नाहीत. माणसांत, अजाणता घेतलेल्या एका गोळीने व्यंगाचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. गोळीचं नाव, मात्रा आणि घेतल्याची तारीख कागदावर लिहून डॉक्टरांना द्या, फॉलिक अॅसिड चालू ठेवा आणि अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. ती तुम्हाला तशीही करायचीच असते.

पुढे चौथ्या महिन्यानंतर आरोग्य केंद्रात तुम्हाला हीच ४०० मिलिग्रॅमची गोळी पुन्हा देऊ केली जाईल, तेव्हा घाबरू नका. अंकुशकृमी या आतड्यात रक्त पिणाऱ्या जंतामुळे होणारा रक्तक्षय टाळण्यासाठी ती दुसऱ्या तिमाहीत एकदाच देतात. अंगावर पाजणाऱ्या आईलाही एक गोळी चालते. मूल होण्याची शक्यता असलेल्या इतर वाचकांनी गोळी पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत घ्यावी, म्हणजे हा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला (१९ वर्षं) आकडी आली. एमआरआयमध्ये मेंदूत जंताची गाठ निघाली. आम्ही माळकरी आहोत, घरात मांस येत नाही. त्याला अल्बेंडाझोल ४०० दिवसातून दोनदा, स्टेरॉइड आणि आकडीच्या गोळ्या दिल्या आहेत. तिसऱ्या दिवसापासून डोकं जास्त दुखतं. शेजारी म्हणतात गोळ्या गरम पडल्या, बंद करा. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आधी तातडीचं. गोळ्या मनाने बंद करू नका, स्टेरॉइड आणि आकडीच्या गोळ्या तर मुळीच नाही. आजच डॉक्टरांना फोन करून डोकेदुखी वाढल्याचं सांगा. डोकेदुखीबरोबर उलट्या, झोपाळूपणा, अंधूक किंवा दुहेरी दिसणं, पुन्हा आकडी, यांपैकी काहीही झालं तर थेट रुग्णालयात न्या.

असं का होतं ते समजून घ्या. मेंदूतली गाठ जिवंत असते तेव्हा शरीराला ती फारशी जाणवत नाही. औषधाने ती मरू लागली की तिच्यातले पदार्थ बाहेर पडतात आणि भोवती सूज येते. डोकेदुखी आणि आकडी या सुजेमुळे असतात. सूज आटोक्यात ठेवायला स्टेरॉइड देतात, आणि तेही अल्बेंडाझोलच्या आधी सुरू करतात. हा उपचार सुरू करण्यापूर्वी डोळ्यांच्या आतल्या पडद्याची तपासणी व्हायला हवी. डोळ्यात गाठ असेल तर ती मरताना येणारी सूज दृष्टी घालवू शकते. ती तपासणी झाली नसेल तर आजच्या फोनवरच विचारा. मेंदूत खूप गाठी आणि खूप सूज असेल तर डॉक्टर जंतनाशक देतच नाहीत, आधी सूज उतरवतात. म्हणून एकाची चिठ्ठी दुसऱ्याला कधीच चालत नाही.

मात्रा वजनावर असते : दर किलोला दिवसाला १५ मिलिग्रॅम, दोन भागांत, दिवसाला जास्तीत जास्त १२०० मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या आसपासच्या माणसाला ती साधारण ४०० दोनदा अशी बसते. एक-दोन गाठी असतील तर दहा ते चौदा दिवस. इथे औषध रक्तातून मेंदूपर्यंत पोचायला हवं, त्यामुळे वर साताऱ्याच्या आजींना सांगितलं त्याच्या उलट, भरपूर स्निग्ध जेवणाबरोबरच घ्या. स्निग्ध जेवणाने या औषधाचं रक्तातलं प्रमाण उपाशीपोटीच्या पाचपटीपर्यंत जातं. तूप घातलेला वरणभात, शेंगदाण्याची चटणी, साय न काढलेलं दूध चालेल. चहा-बिस्किटावर घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. फेनिटोइन, कार्बामाझेपिन किंवा फेनोबार्बिटल चालू असेल तर अल्बेंडाझोलचं रक्तातलं प्रमाण घटतं, म्हणून आकडीची नेमकी कोणती गोळी आहे ते डॉक्टरांना माहीत असू द्या. उपचार दोन आठवड्यांहून लांबला तर रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या दर दोन आठवड्यांनी होतात. त्या पैशासाठी टाळू नका. लांबलेल्या उपचारात काहींचे केस गळतात. ते पुन्हा येतात.

माळकरी घरात हे कसं झालं, हा प्रश्न तुम्हाला बोचत असणार. मेंदूतली गाठ डुकराचं मांस खाल्ल्याने होत नाही. ते अर्धकच्चं खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा जंत, होतो. अशा माणसाच्या शौचातून जंताची अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हातांनी, सांडपाण्यावर वाढवलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात गेली की मेंदूत गाठ होते. कोबीतली हिरवी अळी मेंदूत चढते असं सांगतात, ते खरं नाही. त्या अळीचा याच्याशी काही संबंध नाही, आणि ही अंडी डोळ्यांना दिसतही नाहीत. कोबी, कोथिंबीर, मुळा, गाजर कच्चं खायचं असेल तर पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. आणि घरातल्या सगळ्यांची, स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचीही, शौचाची तपासणी करून घ्या. पट्टकृमी असलेला माणूस कधीकधी घरातच असतो. त्याला अल्बेंडाझोलच्या एका गोळीवर भागवत नाहीत, निक्लोसामाइड किंवा प्राझिक्वांटेल ही वेगळी औषधं डॉक्टर देतात.

याच कारणासाठी सर्व वाचकांना सांगणं आहे : कारण न कळलेली आकडी पूर्वी आली असेल, किंवा कातडीखाली न दुखणाऱ्या छोट्या गाठी असतील, तर साधी जंताची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. लपलेली गाठ त्या एका गोळीनेही चेतू शकते.

प्रश्न : शेळ्यांच्या जंताच्या औषधावरही अल्बेंडाझोलच लिहिलंय. तेच थोडं घेतलं तर? (शेतकरी, बीड)

उत्तर : नाही. नाव तेच असलं तरी तीव्रता वेगळी असते. १० टक्क्यांच्या जनावरांच्या द्रावणात दर १० मिलिलिटरला १००० मिलिग्रॅम औषध असतं, माणसाच्या बाटलीत तेवढ्याच पातळ औषधात ४००. बोलसमध्ये, म्हणजे जनावरांच्या मोठ्या गोळीत, तर दीड ते तीन ग्रॅम. शिवाय त्यात दुसरी औषधंही मिसळलेली असू शकतात. सरकारी दवाखान्यात माणसाची गोळी फुकट मिळते.

प्रश्न : हत्तीरोगाच्या मोहिमेत तीन प्रकारच्या गोळ्या देतात. मला काहीच आजार नाही, मग का घ्यायच्या? गेल्या वेळी शेजारणीला ताप आला. (एक वाचक, गडचिरोली)

उत्तर : हत्तीरोगाचे जंत अंगात असूनही वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. पाय सुजतो तेव्हा उशीर झालेला असतो आणि ती सूज गोळ्यांनी पूर्ण उतरत नाही. तोवर डास तुमच्या रक्तातल्या सूक्ष्म अळ्या घेऊन घरातल्या पोरांना चावत असतो. म्हणून निरोगी दिसणाऱ्यांनीच घ्यायची असते. तीन औषधं म्हणजे डीईसी (डायइथिलकार्बामाझिन), अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन. डीईसीची संख्या वयावर ठरते, तर आयव्हरमेक्टिनची उंचीवर, त्यासाठीच कर्मचारी मोजपट्टी घेऊन येतात. उंची मोजल्याशिवाय घेऊ नका आणि उपाशीपोटी घेऊ नका. गरोदर बाया, लहान बाळं आणि गंभीर आजारी माणसांना या गोळ्या देत नाहीत.

शेजारणीचा ताप बहुधा तिच्या अंगातल्या अळ्या मेल्याने आला. अंगदुखी, डोकेदुखी, ताप एक-दोन दिवस राहतो, पॅरासिटामॉलने उतरतो. त्याहून जास्त राहिला किंवा चक्कर येऊन पडायला झालं तर मोहिमेच्या पथकाला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

प्रश्न : औषधाच्या दुकानात अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन एकत्र असलेली गोळी दिली. मुलासाठी मागितली होती. द्यावी का?

उत्तर : डॉक्टरांनी तीच लिहिली असेल तरच. पंधरा किलोच्या आतल्या मुलाला आयव्हरमेक्टिन देत नाहीत. साध्या जंतांसाठी नुसतं अल्बेंडाझोल पुरतं. पाकिटाच्या मागचं घटकांचं नाव दुकानातच वाचा.

प्रश्न : गोळीनंतर मुलाच्या शौचातून वीतभर लांब, पांढरट जंत पडला. आणखी असतील का? लगेच दुसरी गोळी देऊ का? (एक वडील, रायगड)

उत्तर : तो गोलकृमी. मादी वीतभर किंवा त्याहूनही लांब वाढते. एक पडला म्हणजे गोळीने काम केलं. मेलेले जंत पुढचे काही दिवस पडू शकतात आणि बरेचसे आत पचून जातात, त्यामुळे जंत दिसला नाही म्हणजे गोळी फुकट गेली असंही नाही. लगेच दुसरी गोळी नको. दोन-तीन आठवड्यांनी शौच तपासून घ्या. नमुना कोरड्या, रुंद तोंडाच्या डबीत, लघवी न मिसळता, ताजा द्या. त्यात चाबूककृमीची अंडी दिसली तर डॉक्टर हीच गोळी लागोपाठ तीन दिवस देतील, कारण त्या जंताला एका गोळीचा फारसा धाक नसतो.

गोलकृमीची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ती मातीत पडल्यावर दोन ते चार आठवड्यांनी संसर्ग करू शकतात. म्हणून मुलाच्या पाठीमागे हात धुण्याचा धोशा लावतानाच परसात कुणी शौचाला बसतं का, तेही पाहा.

आता सर्वांत महत्त्वाचं. मुलाचं पोट फुगलं, दगडासारखं कडक झालं, हिरवट उलट्या होऊ लागल्या, शौच आणि वारा दोन्ही बंद झाले, किंवा उलटीतून जंत पडला, तर घरी आणखी जंताची गोळी देऊ नका. जंतांचा गोळा आतड्यात अडकलेला असू शकतो आणि औषधाने चाळवून तो आणखी घट्ट बसतो. तोंडाने पाणीसुद्धा न देता १०८ ला फोन करा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. शेवटची गोळी कधी आणि किती दिली, ते तिथे पोचल्याबरोबर सांगा.